एचबी आणि बीपी: गरोदर बाईच्या कार्डावरचे दोन आकडे एकत्र वाचा

एक कार्ड डोळ्यांसमोर आणा. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, 9.8, बीपी 110/70. तीन आठवड्यांनी एचबी 12.4, बीपी 136/88. घरचे म्हणतात, रक्त वाढलं, गोळ्या लागू पडल्या. बीपी अजून 140 च्या खालीच आहे, म्हणून त्या रकान्याकडे कोणी बघत नाही. माझ्या मते या बाईला त्याच आठवड्यात पुन्हा तपासायला हवं, कारण दोन्ही आकडे एकाच बिघाडाकडे बोट दाखवत असू शकतात.

गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतो. लाल पेशी मात्र 20 ते 30 टक्क्यांनीच वाढतात. पाहुणे आले की वरणात पाणी वाढवतात, डाळ तेवढीच राहते आणि वरण पातळ होतं, तसंच हे. म्हणून मधल्या महिन्यांत एचबी थोडं उतरणं हा शरीराच्या तयारीचाच भाग आहे. ही तयारी बाळाला वारेतून भरपूर रक्त मिळावं म्हणून आणि बाळंतपणात रक्त गेलं तर ते सोसावं म्हणून असते. प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात, रक्तवाहिन्या आवळतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपून अंगात उतरतं आणि रक्त घट्ट होतं. यात लाल पेशी एकही वाढलेली नसते, तरी आकडा चढतो. लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या तर एचबी महिन्याला साधारण 1 ग्रॅमने वाढतं. तीन आठवड्यांत अडीच ग्रॅम वाढलं असेल तर एक तर मोजण्यात चूक झाली आहे, नाही तर रक्त घट्ट झालं आहे. दोन्ही बाबतीत पुन्हा मोजायचं, आणि बीपी व लघवीसकट मोजायचं.

उलटंही घडतं. बीपी फार वाढलेल्या काही बायांमध्ये लाल पेशी फुटू लागतात आणि एचबी झपाट्याने खाली येतं. डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते, उजव्या बरगडीखाली दुखतं. घरात कावीळ समजून झाडपाल्याचं औषध सुरू होतं आणि हातातला वेळ निघून जातो. बीपीचा आजार असलेली बाई पिवळी दिसली की गाडी थेट जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायची.

आता मोजण्याबद्दल, कारण आकडाच खोटा असेल तर पुढचं सगळं वाया.

अंगणवाडीत पोषण दिवसाला बाई वावरातून किंवा दोन किलोमीटर चालून येते, कडेवर मोठं लेकरू असतं, आणि आल्या आल्या पट्टा बांधला जातो. तिला आधी लघवीला जाऊ द्या, मग पाच मिनिटं खुर्चीत बसवा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीवर आणि थेट दंडावर. ब्लाउजच्या बाहीवरून नाही, आणि बाही गुंडाळून वर करकचून आवळलेली तर मुळीच नाही. मोजताना तिनेही बोलायचं नाही आणि मोजणाऱ्यानेही. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा वाढून येतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताला पट्टा बांधला तर कमी येतो, आणि ही चूक जास्त घातक, कारण वाढलेला बीपी तिच्याआड लपतो. आपल्याकडच्या बऱ्याच बायांचे दंड बारीक असतात; मोठा पट्टा बारीक दंडावर गुंडाळला तरी आकडा कमीच दिसतो. हाताने हवा भरायच्या यंत्रावर हवा सेकंदाला 2 मिलिमीटरच्या वेगाने सोडायची, आणि खालचा आकडा आवाज पूर्ण थांबतो तिथला घ्यायचा. डिजिटल यंत्र बीपीच्या आजारात कधी कधी कमी आकडा दाखवतं. म्हणून डोकेदुखी असलेल्या बाईचा 134/86 आला तर तिला घरी न पाठवता दुसऱ्या यंत्रावर पाहायला हवं.

एका बैठकीत 140/90 किंवा जास्त आला तर चार तासांनी पुन्हा मोजतात. दोन्ही वेळा आला तर तो वाढलेला बीपी. वरचा किंवा खालचा, यांपैकी एक जरी हद्द ओलांडत असेल तरी पुरे. 160/110 असेल तर मात्र चार तास थांबायचं नाही. पंधरा मिनिटांत पुन्हा बघून लगेच औषध सुरू व्हायला हवं आणि गाडी बोलवायला हवी. बाईचा बीपी कार्डावर प्रत्येक भेटीला तोच, 110/70, लिहिलेला असेल तर घरच्यांनी सिस्टरला आदराने पण स्पष्ट म्हणावं, "सिस्टर, आज माझ्यासमोर एकदा मोजा न."

पहिल्या तीन महिन्यांतला आकडा सर्वांत मोलाचा, आणि तोच बहुतेक कार्डांवर नसतो. मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडा उतरतो आणि शेवटी परत चढतो. आधीपासून बीपी असलेली बाई पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आली तर ती निरोगी वाटते. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असल्याने सातव्यात ओटी भरली की ती दुसऱ्या तालुक्यात जाते आणि कार्ड सासरी पेटीत राहतं. तिथल्या सिस्टरला 132/84 साधा वाटतो. आधीचा 96/60 कार्डावर दिसला असता तर वाटला नसता. कार्ड बाईसोबतच जायला हवं, आणि त्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असायला हवा.

सुजेवरून अंदाज बांधू नका. "पाय तं सगळ्यायचेच सुजते" हे खरं आहे. दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी घोट्याला सूज येणं नेहमीचं. रक्त फार कमी असलं तरी सूज येते. सकाळी उठल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या असणं, बांगड्या हातातून न निघणं, महिन्यात 3 किलोपेक्षा जास्त वजन वाढणं, ही बीपीची सूज असू शकते. आणि अजिबात सूज नसतानाही बीपीच्या आजाराचे झटके (फिट) येऊ शकतात, म्हणून "सूज नाही" हा दिलासा धरू नये.

लघवीत प्रथिन उतरतंय का हे दाखवणारी पट्टी लघवीत बुडवून डबीवर लिहिलेल्या वेळेलाच, बहुतेक पट्ट्यांत 60 सेकंदांनी, वाचायची. लघवी मधल्या धारेची हवी. अंगावरून पांढरं जात असेल तर पट्टी खोटी सांगते. पट्टी नसेल तर जुनी पद्धत आहेच: नळी दोन तृतीयांश भरा, वरचा भाग तापवा, गढूळ झालं तर अॅसेटिक अॅसिडचे काही थेंब टाका. गढूळपणा गेला तर ते क्षार होते, राहिला तर प्रथिन. आणखी एक गोष्ट: लघवीत प्रथिन नाही म्हणजे धोका नाही, असं नाही. बीपी वाढलेला आणि डोकं दुखतंय, एवढं पुरेसं आहे.

रक्ताकडे वळू. गरोदरपणात एचबी 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय: 10 ते 10.9 सौम्य, 7 ते 9.9 मध्यम, 7 च्या खाली तीव्र. मोजताना बोटावरचं स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसायचा आणि बोट पिळायचं नाही. पिळलं की ऊतींमधलं पाणी मिसळून आकडा कमी येतो. साहलीच्या, म्हणजे रंग जुळवून एचबी मोजायच्या, नळीत रक्त टाकल्यावर 10 मिनिटं थांबावं लागतं. घाईत लगेच जुळवलं तर रंग पूर्ण उतरलेला नसतो आणि एचबी कमी दिसतं. डिजिटल मीटरच्या पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी राहिली की पट्ट्या ओल धरतात आणि आकडा खोटा येतो.

चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, जिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. सौम्य आणि मध्यम रक्तक्षयात रोज दोन. कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्याही रोज असतात, आणि इथेच सगळा घोळ होतो: लक्षात राहावं म्हणून बाई सगळ्या गोळ्या एकदम घेते. कॅल्शियम लोहाला अडवतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. मला सोपी वाटणारी वाटणी अशी: कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणासोबत, लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. दोन गोळ्या असतील तर दुसरी सकाळी चहाच्या तासभर आधी. मळमळ होत असेल तर जेवणानंतर लगेच घ्या. थोडी कमी शोषली जाईल, पण न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दुधासोबत नाही, चहासोबत नाही, अॅसिडिटीच्या गोळीसोबत नाही. शी काळी होणारच. गोळीने बाळ काळं होत नाही, फार मोठं होऊन अडत नाही, आणि बीपीही वाढत नाही. हा शेवटचा गैरसमज फार नुकसान करतो, कारण बीपी निघाला की बाया आधी लोहाची गोळी बंद करतात.

यासोबत चौथ्या महिन्यानंतर जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी. अनवाणी वावरात जाणाऱ्या बाईच्या आतड्यात आकडीजंत असेल तर तो रोज रक्त पितो, आणि गोळ्यांनी भरलेलं तिकडून रिकामं होतं.

महिनाभर नीट गोळ्या घेऊनही 1 ग्रॅम वाढ झाली नाही तर तिसरी गोळी वाढवून उपयोग नाही, कारण शोधायचं. विदर्भात पहिला प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या लाल पेशींच्या आजाराचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ आणि अमरावतीचा मेळघाट, या सगळ्या पट्ट्यात तो आहे. त्याची पहिली, सॉल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान पूर्ण झालं असं नाही. बाई वाहक आहे की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरच कळतं. वाहक असेल तर लोहाच्या गोळ्या इतरांसारख्याच, आणि नवऱ्याची तपासणी लगेच करायची. रुग्ण असेल तर फॉलिक अॅसिड 5 मिलिग्रॅम रोज, आणि लोह फक्त फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचं माप, तपासून. वारंवार रक्त चढवलेल्या बाईच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. ती हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध घेत असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायचं. सिकलसेलच्या रुग्ण बाईला बीपीच्या आजाराचा धोकाही जास्त, म्हणून तिचं सगळं गरोदरपण मोठ्या दवाखान्याच्या नजरेखाली हवं. याशिवाय गडचिरोलीकडे मलेरिया; ताप नसला तरी रक्त झपाट्याने उतरत असेल तर बोटाच्या रक्ताची तपासणी करा. मांस-मासे, अंडी आणि दूध अगदीच कमी असणाऱ्या घरात बी-12 ची कमतरता बघायची. आणि बाई माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खात असेल तर तिला रागावू नका. ते बहुतेक वेळा लोह कमी असल्याचंच लक्षण असतं.

शिरेतून लोह द्यायचं तर हिशोब असा: वजन गुणिले हव्या आणि असलेल्या एचबीतला फरक गुणिले 2.4, अधिक 500. वजन 45 किलो, एचबी 7.5, हवं 11, तर 45 × 3.5 × 2.4 म्हणजे 378, अधिक 500, एकूण 878 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी 200 मिलिग्रॅम, 100 मिली सलाईनमध्ये, एक दिवस आड. म्हणजे पाच फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी 1000 मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, आणि दूरच्या पाड्यावरच्या बाईसाठी तेच सोयीचं. पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही नाही. लोह दिल्यावर एचबी वाढायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून नवव्या महिन्यात 6 असेल तर लोहावर विसंबता येत नाही. भरती करून रक्त द्यावं लागतं, तेही पॅक्ड सेल, म्हणजे प्लाझ्मा काढून उरलेल्या लाल पेशी, आणि सावकाश.

"ताकदीची सलाईन" या विषयावर मला जीव तोडून सांगायचं आहे. अशक्त वाटतं म्हणून तालुक्याच्या गावी दोन बाटल्या लावून येतात. सलाईनमध्ये ना लोह असतं ना रक्त. तिच्यात रंगीत व्हिटॅमिन टाकून ती लाल केली तरीही नाही. एचबी 6 असलेल्या बाईचं हृदय आधीच दमलेलं असतं, आणि बीपीच्या आजारात पाणी रक्तवाहिनीत टिकत नाही. दोन्ही असतील आणि भराभर पाणी आत गेलं तर ते फुफ्फुसात उतरतं. बाईला आडवं झोपवत नाही, धाप लागते, खोकल्यात फेस येतो. हे मरण टाळता येण्यासारखं आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. 8 चं एचबी नुसत्या खाण्याने 11 होत नाही. गरोदरपणात एकूण सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह लागतं आणि ताटातून तेवढं येत नाही. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात असं नाही, त्यांत लोह फारसं नसतं. त्या पैशात अंडी, सुकट किंवा मटण आणा. अंबाडीची आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर कढईतलं लोह भाजीत उतरतं. वरणावर लिंबू पिळा; संत्री, पेरू, आवळा जे हंगामात असेल ते जेवणासोबत. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. खर्रा, नस, गुडाखू बंद. तंबाखूने बाळाचं वजन घटतं. मीठ मात्र तोडायचं नाही. गरोदरपणातला हा बीपी मिठाने आलेला नसतो आणि अळणी भाजीने जात नाही. बाईचं जेवण तेवढं सुटतं.

बीपीची औषधं म्हणून लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा चालतात. एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन चालत नाहीत, बाळाच्या किडनीला इजा होते. आधीपासून बीपीची गोळी चालू असलेल्या बाईने म्हणूनच दिवस गेल्याबरोबर ती बदलून घ्यावी. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकू नये. बीपी एकदम कोसळला तर बाळाला मिळणारं रक्त तुटतं. आणि बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी सोडायची नाही, तो गोळीमुळेच नॉर्मल आहे.

डोकं ठणकतं आणि थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतं किंवा धुरकट दिसतं, काळजाखाली कळ येते, लघवी कमी झाली, बाळ कमी फिरतं: यातलं एकही असेल तर दिवस-रात्र न बघता 108 किंवा 102 ला फोन. झटका आला तर डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, काहीही नाही. कांदा-चप्पल हुंगवू नका. "बाहेरचं लागलं" म्हणून पुजाऱ्याकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. उपकेंद्रातून पाठवण्याआधी सिस्टरने झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा असतो: 50 टक्क्यांचं द्रावण, प्रत्येक कुल्ल्यात खोलवर 5 ग्रॅम, एकूण 10 ग्रॅम. 2 मिलीच्या अँप्युलमध्ये 1 ग्रॅम असतं, म्हणजे दहा अँप्युल. उपकेंद्राच्या कपाटात चारच असतील तर ती असून नसल्यासारखीच, म्हणून साठा दर महिन्याला मोजावा. पुढचा डोस देण्याआधी मोठ्या दवाखान्यात श्वास, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो का ते आणि लघवी बघतात, कारण जास्त झालं तर श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ हवं.

कमी रक्त आणि जास्त बीपी एकत्र असलेल्या बाईचं बाळंतपण जिथे रक्त आणि ऑपरेशनची सोय आहे तिथेच. तिच्या अंगात गमवायला रक्तच नसतं. दुसरी बाई अर्धा लिटर सहज सोसते, ही सोसत नाही. रक्तस्राव रोखायला बाळ बाहेर आल्याबरोबर, वार पडण्याआधी, ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत द्यायचं. त्याच कामाचं मेथर्जिन द्यायचं नाही, त्याने बीपी उसळतो. बाळाला लगेच तातडीची मदत लागत नसेल तर नाळ 1 ते 3 मिनिटं थांबून कापावी, बाळाला तेवढं लोह जास्त मिळतं. भामरागडसारख्या भागात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, तेव्हा पावसाळ्यात तारीख असलेल्या बाईला आधीच आणून ठेवावं; प्राथमिक आरोग्य केंद्राजवळची माहेरघरं यासाठीच आहेत, पण बीपी वाढलेली बाई माहेरघरात नाही, थेट जिल्ह्याला. सोबत कार्ड, रक्तगट, सिकलसेलचा रिपोर्ट. सरकारी दवाखान्यात तिला लागणारं रक्त मोफत आहे, पैशांसाठी गाडी थांबवू नका.

बाळंत झाली म्हणजे सुटली, असं समजू नका. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बहुतेक सर्वांत जास्त असतो, नेमका ती घरी आल्यावर. खोलीत शेक-शेगडी चालू असते, डोकं दुखलं तर "वारा लागला" म्हणतात. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळाला बघायला येतेच, त्याच वेळी आईचा बीपी मोजायची सोय सिस्टरकडून करून घ्या, आणि सहा आठवड्यांनी परत मोजा. तेव्हाही वाढलेला असेल तर डॉक्टरांना दाखवा; बारा आठवड्यांनंतरही उतरला नाही तर तो कायमचा बीपी समजून उपचार. पुढच्या खेपेला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यातच जुनं कार्ड घेऊन डॉक्टरांना गाठायचं: आधी हा आजार झालेल्या, जुळी असलेल्या, किडनीचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्या बाईला अॅस्पिरिनची छोटी गोळी, 75 ते 150 मिलिग्रॅम, रात्री देतात. ती 12 आठवड्यांनंतर आणि 16 आठवड्यांच्या आत सुरू झाली तर सर्वांत जास्त फायदा. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवलं तर ती सर्वांत चांगली वेळ निघून गेलेली असते.